तेवीस नंबरचं शून्य

"शून्य हासुद्धा आकडाच असतो, पोरी. त्याला रिकामं समजू नकोस. शून्य आलं की आधी फोन लावायचा, मग पुढचं काय ते."

मोठ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा ती हसली होती. तोंडावर नाही, मनातल्या मनात, पण हसली होती. मोठ्या बाईंच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते, आणि निवृत्तीला टेकलेली माणसं असं काहीबाही सांगतच असतात, अशी तिची समजूत होती. तिने मान डोलावली आणि सल्ला कानामागे टाकला.

त्याला अडीच वर्षं झाली. आणि आता तेवीस नंबरच्या थेटराचा डोअरकीपर कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. वय एकाहत्तर, डावा गुडघा कामातून गेलेला, मागेपुढे कुणी नाही. अकरा आठवड्यांपूर्वी एक पिशवी घेऊन तो निघाला, तो कुठे पोचला का, पोचला असेल तर धड आहे का, हे विचारायलासुद्धा जगात एकच माणूस उरलं होतं. ती.

ऑफिसात तिला सगळे तुलनाबाई म्हणायचे. नावात थट्टा होती, पण काम खरंच तेच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या चार टेबलांच्या ऑफिसातून दरवर्षी एक पुस्तक निघायचं. नऊ देशांत सिनेमा कोण बघतं, किती बघतं आणि बघितलेला सिनेमा मुळात कुठला असतो, याची तुलना. देशांची नावं कुणी घेत नसे. रकान्यांच्या नंबरावरून पहिला देश, दुसरा देश असंच चालायचं. आपला पाचवा. "पाचव्याला जरा ताप आलाय" असं आलेखवाला म्हणाला, की समजायचं, आपल्याकडे या तिमाहीत परक्या सिनेमांचा वाटा फुगलाय.

सिनेमाचं मूळ ठरवणं ही तर डोक्याची मंडईच. पैसा तिसऱ्या देशाचा, दिग्दर्शक आपला, शूटिंग आठव्यात, आणि पडद्यावरची माणसं बोलतात दुसऱ्याची भाषा. सांगा, लेकरू कुणाचं? मोठ्या बाई म्हणायच्या, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, त्यात सिनेमा घालायचा राहून गेला." शेवटी नियम केलेला होता, की निर्मात्याचं ऑफिस ज्या देशात, सिनेमा त्या देशाचा. नियम खुळचट होता, पण नऊही देशांना एकसारखाच खुळचट होता, आणि तुलनेला तेवढं पुरतं.

मोठ्या शहरांतल्या थेटरांचे आकडे आपोआप यायचे. छोट्या गावांतली चाळीस थेटरं मात्र नमुन्यादाखल निवडलेली होती, आणि तिथून दर महिन्याला पिवळट कागद यायचा. तारीख, खेळ, सिनेमाचं नाव, सिनेमा कुठला, माणसं किती, शेरा. मालकाला वेळ नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी हा कागद डोअरकीपरच भरायचा. दारात तिकीट फाडायचं, अर्धुक आपल्याकडे ठेवायचं, खेळ सुटल्यावर अर्धुकं मोजायची.

चाळिसातलं तेवीस नंबर लगेच ओळखू यायचं ते शेऱ्यामुळे. बाकीचे शेऱ्याच्या रकान्यात एक तिरकी रेघ ओढून मोकळे व्हायचे. हा माणूस लिहायचा. 'माणसं सतरा. पैकी एक झोपला होता, पण तिकीट काढून झोपला.' 'सिनेमा परका, रडणारे आपले.' 'मध्यंतरात तिघं निघून गेले, अर्धे मोजावे काय?' मोठ्या बाई ते मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि चहाच्या वेळेला ऑफिसात हशा पिकायचा. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण दरवर्षी पुस्तक छापून आलं, की त्याची एक प्रत त्या स्वतः टपालात टाकायच्या; निवृत्तीनंतरही त्यांनी ते सोडलं नाही.

मग तुलनाबाईने बैठकीत ती कल्पना मांडली.

तक्रार खरी होती. कितीतरी थेटरं कागद अर्धवट पाठवायची आणि टाइप करणारा रिकाम्या जागी शून्य ठोकून द्यायचा. सगळा तक्ता त्यामुळे नासायचा. तुलनाबाईने सुचवलं, की पूर्ण महिन्याची बेरीज शून्य आली तर प्रोग्रामने तो कागद अपुरा समजावा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा बसवावा. खाली 'अंदाजित' म्हणून बारीक फुली. साहेब खूश झाले. "वा! याला म्हणतात शिकलेलं माणूस." त्याच बैठकीतून बाहेर पडताना मोठ्या बाईंनी तिला जिन्यात थांबवलं आणि ते शून्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, आता ते मशीनच बघेल हो." मोठ्या बाई वळल्या. जिना उतरून गेल्या.

पुढे मोठ्या बाई निवृत्त झाल्या, तुलनाबाईला दिवस गेले, ती रजेवर गेली, ठकी जन्मली.

ठकी हे मुलीचं घरातलं नाव. ठकी सात महिन्यांची असताना ती कामावर परतली. परतली म्हणजे तिचं शरीर खुर्चीत येऊन बसू लागलं. दातवाल्याने सुई दिल्यावर गाल कसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. ठकीच्या नाकाखाली बोट धरून ती श्वास बघायची. एका मिनिटात किती श्वास, दूध किती, झोप किती, हे सगळं फोनमध्ये लिहायची. काळजी अशी की डोळ्याला डोळा नाही, आणि त्या काळजीच्या आत काहीच नाही, नुसता सफेद कागद. नवरा म्हणायचा, "अगं, पोरगी आहे, प्रयोगशाळा नाही." ती हसायची. हसताना गाल हलतात हे तिला कळायचं.

ऑफिसात ती कागद घ्यायची, शिक्का मारायची, टाइपला द्यायची. शिक्क्यावर एकच शब्द होता: 'पाहिले'.

असे सहा महिने गेले. पुस्तक छापायला जायची वेळ आली.

त्या मंगळवारी आलेखवाला आपली खुर्ची सरकवत तिच्या टेबलापाशी आला. "तुलनाबाई, तुमचं तेवीस नंबर म्हणजे थेटर आहे की घड्याळ?"

"का?"

"गेल्या वर्षी या महिन्यात चारशे बारा माणसं, यंदा चारशे बारा. पुढच्या महिन्यात तीनशे नव्वद, यंदा तीनशे नव्वद. आठ महिने असंच. माणसं शाळेसारखी हजेरीला येतात की काय तिथं?"

"अंदाजित असेल. फुली आहे का?"

"फुली आहे की. पण आठ महिने फुली? अहो, एवढ्या फुल्या तर शिंप्याकडेही नसतात."

तिने कपाटातून तेवीस नंबरची फाइल काढली. तिला वाटलं होतं आत काही नसेल. आत पाच कागद होते. पाचही पूर्ण भरलेले, तारखेपासून शेऱ्यापर्यंत, त्याच लांबट अक्षरात. फक्त माणसांच्या रकान्यात एकाखाली एक शून्य होतं, महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत.

पहिल्या कागदावर पहिल्या तारखेपुढे लिहिलं होतं: 'शून्य. मालकांनी पडदा उतरवला. खेळ बंद. कागद भरू नका असं कुणी म्हटलं नाही, म्हणून भरतो.'

पुढे: 'शून्य. एक बाई विचारून गेली, सुरू कधी होणार. तिला मोजलं नाही.'

'शून्य. कुत्रं आलं. तिकीट नव्हतं.'

'शून्य. जिन्यात गुडघा गेला. दार अर्धा तास उशिरा उघडलं, क्षमस्व.'

आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी, शेवटच्या तारखेपुढे तेच एक वाक्य: 'ऑफिसला विनंती, कागद पोचतो का एवढं कळवावं.'

पहिले दोन कागद तिच्या रजेतले. पुढच्या तिन्हींवर तिचा शिक्का होता. शेवटच्या कागदावर तर तो बरोबर त्या विनंतीवरच बसला होता. निळ्या 'पाहिले'च्या आडून 'कळवावं' एवढंच वाचता येत होतं. त्यानंतर कागद आलेलाच नव्हता, आणि प्रोग्रामने तीही जागा भरून टाकली होती.

आलेखवाला तिच्या खांद्यावरून वाचत होता. त्याने पाचही कागद परत खालीवर केले. मग म्हणाला, "हा माणूस बंद थेटराचं दार रोज उघडून बसायचा?"

"हो."

"आणि आपण त्याच्या दारातून चारशे बारा माणसं आत सोडली."

तिला वाटलं आपल्याला रडू येईल. तिने वाट पाहिली. आलं नाही. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिने डबा उघडला, जेवली, डबा धुतला, झाकण पालथं ठेवलं. मग जागेवर येऊन थेटराला फोन लावला. घंटी वाजत राहिली. मालकाचा नंबर शोधून त्याला लावला. मालक म्हणाला, "तो? त्याला मी सांगितलं होतं दुसरीकडे बघ म्हणून. आता ती जागा गादीवाल्याला दिलीय. त्यालाच विचारा." आणि फोन ठेवला.

घरी तिने आईला सांगितलं, उद्या मला दिवसभर बाहेर जायचंय.

"जा की," आई म्हणाली. ठकीला सांभाळायला तीच येऊन राहिली होती.

"बसने. तीन तास जायला, तीन यायला."

"मग जा की! मी काय तुझी लेक बाजारात विकणार आहे? चार पोरं वाढवलीत मी, एकाचेही श्वास मोजले नाहीत. चारही जिवंत आहेत. त्यातली एक तू."

नवरा हसला, मग तिच्याकडे बघून थांबला. "कोण आहे गं हा माणूस? ओळखीतला?"

"नाही."

"मग?"

 ती म्हणाली, "त्याचे कागद माझ्याकडे यायचे."

नवरा उठला. पाण्याची बाटली भरून तिच्या पिशवीत ठेवली.

तेवीस नंबरचं थेटर बसथांब्यापासून चालत चार मिनिटांवर होतं. इतकी वर्षं ते तिच्यासाठी एक ओळ होतं. आता त्याला भिंती होत्या. दर्शनी बाजूचा रंग उडालेला, तिकीटखिडकीवर पत्रा ठोकलेला, पोस्टरांच्या काचेच्या पेटीत नुसत्या टाचण्या. दार उघडं होतं. आत खुर्च्या तशाच होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी उभी केली होती. ओळीने, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. पडद्याच्या जागी भिंत होती.

"हाउसफुल आहे," मागून कुणीतरी म्हणालं. गादीवाला होता. पोट सुटलेला, कानावर पेन्सिल. "हसा की ताई, सगळे हसतात याला. डबल हवी का सिंगल?"

तिने डोअरकीपरचं विचारलं. गादीवाल्याचा चेहरा बदलला.

"काकांचं कुणी आहे होय? ते तर म्हणायचे कुणी नाही."

"मी ऑफिसातून आलेय. ते कागद पाठवायचे ते ऑफिस."

"अस्सं!" तो तिच्याकडे नीट बघू लागला. "म्हणजे तुम्ही खरंच आहात तर. मला वाटायचं काकांनीच बनवलंय ते ऑफिस."

त्याने तिला एका गादीवर बसवलं आणि स्वतः उभ्याने सांगत राहिला. काका मशीनच्या खोलीशेजारच्या खोलीत राहायचे. थेटर बंद झाल्यावरही रोज तीनला खाली यायचे, दार उघडायचे, स्टुलावर बसायचे. सहाला कागदावर लिहायचे आणि दार ओढून घ्यायचे. "मी गाद्या आणायला लागलो तरी त्यांचं आपलं तेच. मी म्हटलं, काका, कोण येणार आहे आता? म्हणाले, 'आलं तर?' आता यावर काय बोलणार? मी आपला चहा आणून द्यायचो. एकाहत्तर वय, एवढा उंच माणूस, डाव्या गुडघ्याने हैराण व्हायचे, पण रस्त्यावरून जाणारी माणसं ओठ हलवत मोजत बसायचे. जिना बसून उतरायचे, एकेक पायरी, लहान पोरासारखे."

"गेले कुठे?"

"सांगतो ना. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं, जाडं. तुमचंच असणार. सगळा वेळ त्यात डोकं. एक दिवस मला एक पान दाखवलं. 'हे बघ,' म्हणाले, 'आपल्याकडे माणूस वर्षाला दीड वेळा सिनेमाला जातो. हा सातवा रकाना बघ. चार पूर्णांक तीन!' मी म्हटलं, मग? म्हणाले, 'मग काय मग? एवढी माणसं येतात तर तिकिटं फाडायला हात लागतच असतील.' आणि आणखी काय ते... हां, तिथले सिनेमे बहुतेक परकेच असतात म्हणाले. 'असू दे, मला कुठे बघायचेत? मला दारात उभं राहायचंय.'"

तिने पिशवीची कड घट्ट धरली.

"मी अडवलं, ताई. खोटं नाही सांगत. म्हटलं, काका, या वयात सरहद्द ओलांडून कुठे निघालात, पाय बघा तुमचा. म्हणाले, छापील आकडा आहे, कुणाच्या तोंडचं ऐकून नाही निघालो. ते पुस्तक पिशवीत टाकलं आणि पोचलो की दुकानात फोन करतो म्हणाले. अकरा आठवडे झाले. त्यांच्याकडे फोन नाही. होता तो थेटराचा." गादीवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "तिथं माणसं येतात ना हो तेवढी? तुम्हाला माहीत असेल."

तिला माहीत होतं. तेच तर होतं.

चार पूर्णांक तीन हा आकडा सातव्या देशातल्या तिच्या जोडीदारणीने पाठवला होता. नऊही देशांत तिच्यासारखी एकेक तुलनाबाई होती. सोबत एक पानभर खुलासा होता. सातव्या देशात बहुतेक लोक महिन्याचा पास काढतात, आणि पास असलेला माणूस महिन्यातून चारदा आला असं धरतात, मग तो येवो न येवो. खरी हजेरी निम्म्याहून कमी असावी. हा खुलासा तक्त्याखाली टीप म्हणून द्यायचा होता. पानावर जागा पुरत नव्हती. तिने टीप उडवली. तेव्हा तिला आठवा महिना होता, पाय सुजले होते आणि पुस्तक लवकर हातावेगळं करायचं होतं. एक टीप गेल्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

"येतात," ती गादीवाल्याला म्हणाली. मग म्हणाली, "नाही. तेवढी नाहीत."

परतीच्या बसमध्ये तिने आईला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "जेवली, झोपली, उठली, हसली. आता परत फोन केलास तर तिलाच उचलायला लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सातव्या देशात फोन लावला. जोडीदारीण तिच्याशी नेहमी आकड्यांबद्दलच बोलायची. माणसाबद्दल विचारलेलं ऐकून गोंधळली.

"दारावर काम मागायला? आमच्याकडे?"

"हो. तिकिटं फाडायचं."

"अहो, आमच्याकडे दारावर माणूस नसतोच. आठ वर्षं झाली. फाटक असतं, त्याला पास दाखवला की उघडतं. मी कळवलं होतं ना तुम्हाला मागे?"

"कळवलं असेल."

"कुठल्या गावी गेलेत काही कळलं तर... पण तसं कसं शोधणार? सहाशे थेटरं आहेत इथं."  "वय किती म्हणालात?"

"एकाहत्तर."

"थंडी सुरू झालीय इथं," ती म्हणाली. मग तिने पोलिसांत विचारते असं कबूल केलं. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. पोलीस म्हणाले, तक्रार नातेवाइकाने करावी लागते.

तुलनाबाई साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर नेहमी सर्दीच्या गोळ्या आणि छापखान्याच्या तारखा असायच्या.

"सगळी शून्यं परत बसवायची म्हणता? शुक्रवारी पुस्तक छापखान्यात जायचंय, बाई!"

"चाळिसात सहा थेटरं निघाली, सर. सहाही बंद पडलीत. आपण ती चालू दाखवली."

"सहा?"

"मी सगळीकडे फोन केले. पाच ठिकाणी माणसं भेटली. एकाला भाचीने नेलंय, एक जण आता शाळेत घंटा वाजवतो. बाकीचे तिघं घरी आहेत. तेवीस नंबर नाही भेटला."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "छोट्या गावांचा आकडा किती घसरेल?"

"सातव्या हिश्श्याने."

"म्हणजे आपला देश खाली जाणार."

"तो खालीच आहे, सर. आपण वर लिहिला होता."

 तिने पुढचं सांगितलं, सातव्या देशाचा आकडा, उडवलेली टीप, डोअरकीपरची पिशवी. हे सगळं ती एकसुरात सांगत होती, बँकेतली बाई टोकन नंबर पुकारते तशी. आपला आवाज असा का येतोय हे तिलाही कळत नव्हतं. साहेबांनी मध्येच पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिने तो प्यायला नाही, नुसता धरून ठेवला.

"तुम्ही सांगितलं म्हणून कुणी देश सोडून जात नाही हो," साहेब शेवटी म्हणाले. "त्या माणसाच्या मनात असणार."

"असेल."

"मग?"

"मला टिपेसाठी जागा हवी, सर."

"दोन ओळी. फार तर तीन."

"पान हवं."

"पान? तुलनाबाई, हे तक्त्यांचं पुस्तक आहे. विद्यापीठांत जातं, मंत्रालयांत जातं. नऊ देशांत जातं."

"म्हणूनच," ती म्हणाली.

साहेब खिडकीकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' असं ओरडत होतं. साहेबांनी सर्दीची एक गोळी पाकिटातून काढली आणि न खाता टेबलावर ठेवली. "सातव्या रकान्याच्या तक्त्यासमोरचं डावं पान कोरं आहे," ते म्हणाले. "मी ते प्रूफ पाहिलेलं नाही. शुक्रवारपर्यंत पाहणारही नाही."

गुरुवारी दुपारी तिने शून्यं बसवली. एकेक महिना, एकेक थेटर. प्रोग्राम दरवेळी विचारायचा: आकडा अपुरा आहे, अंदाज बसवू का? ती 'नको' दाबायची. आलेखवाल्याने सगळे आलेख परत काढले. आपल्या देशाची रेघ खाली आली, सातव्याची त्याहून जास्त खाली आली. पूर्वी दोघांमध्ये जेवढं अंतर दिसायचं, तेवढं आता राहिलं नाही. "एवढ्यासाठी म्हातारा तिकडे गेला," आलेखवाला रेघेवर बोट ठेवून म्हणाला, आणि मग चहा आणायला निघून गेला.

मग तिने डावं पान लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत 'खेद' हा शब्द होता, तो तिने काढून टाकला. तिला अजून काही वाटत नव्हतं, आणि न वाटणाऱ्या गोष्टी छापायला तिला धीर होत नव्हता. पाचव्या वेळी जे उतरलं ते तिने वाचून न बघता छापखान्याकडे पाठवलं. ते असं:

'टीप. समोरच्या तक्त्यात सातव्या देशाचा आकडा गेल्या वर्षी ४.३ छापला होता. तो पासांवरून धरलेला अंदाज होता. खरी हजेरी सुमारे १.९ आहे. हा खुलासा आमच्याकडे होता, आम्ही छापला नाही.

तो आकडा खरा मानून आमच्या नमुन्यातल्या एका थेटराचे डोअरकीपर काम शोधायला सातव्या देशात गेले आहेत. त्यांना नातेवाईक नाहीत, फोन नाही. तिथे दारांवर माणसं ठेवत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं.

सातव्या देशातल्या वाचकांना विनंती. तुम्ही विद्यार्थी असाल, अधिकारी असाल, हे पान चुकून उघडलं असेल, तरी थांबा. तुमच्या गावात थेटर असेल तर या आठवड्यात एकदा दुपारच्या खेळाला जा. फाटकाच्या आसपास, जिन्याखाली, बाहेरच्या बाकावर बघा. एकाहत्तर वर्षांचे, उंच, डावा पाय ओढत चालणारे. पायऱ्या बसून उतरतात. आत जाणाऱ्या माणसांकडे बघताना ओठ हलतात, कारण ते मोजत असतात. त्यांच्याजवळ एक पिशवी असेल आणि त्यात हे पुस्तक असेल. गेल्या वर्षीचं.

तुम्हाला त्यांची भाषा येत नसली तरी चालेल. पुस्तकाकडे बोट दाखवा, ते बोलू लागतील. राहायला कुठे आहात ते विचारा. जेवलात का विचारा. थंडीचं अंगावर पुरेसं आहे का ते बघा. नसेल तर त्यांना तिथेच सोडून येऊ नका.

आमचा फोन नंबर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आहे. तो मी उचलते. कृपया जाऊन बघा.'